शेवटच्या पानानंतर

आमच्याकडे पोथी कधी पुरी होत नसे. वडील लोधीपुऱ्यात पुस्तकांना जिल्द बांधायचे आणि पोथी आली की शेवटी चार कोरी पानं घालायचेच. त्यांवर लोक आरत्या उतरवून घेत, एखादा स्वतःचं भजनही घुसडून देई. देवाची त्याला हरकत नसावी.

विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो, त्या सुमाराची ही गोष्ट. शेजारी एक ख्रिस्ती मास्तर राहत. त्यांची बायको मराठीत गीतं रचायची आणि चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत ती म्हटली जात. ती वारली. पुढं नवे पाळक आले ते हिंदीवाले, उपासनाही हिंदीत होऊ लागली. मराठी म्हणणारी दोनचार घरं बदल्यांमुळे पांगली. बाईंची गीतं आता विसरली जाणार, याची आईला फार रुखरुख. दुसऱ्याचं दुःख उचलून घरी आणायची तिला खोडच होती.

मास्तरांनी बायबल बांधायला दिलं, सोबत गीतांचे सुटे कागद दिले आणि त्यांची वेगळी जिल्द करायला सांगितली. आई वडिलांना म्हणाली, "वेगळी कशाले? बायबलातच शिवून टाका. मंग कोनी रद्दीत नाही देनार." वडिलांनी तसं केलं. काम सुबक झालं होतं.

मास्तर पानं उलटत गेले. शेवटी बायकोचं अक्षर दिसलं आणि ते खालीच बसले. मला वाटलं, आनंद झाला.

"भाऊ, हे काढा," ते म्हणाले.

आई भडकली. "काऊन? बाई काय वाईट लिहायच्या?"

"वहिनी, तिच्याइतकं गोड कुणी लिहिलं नसेल. पण हे पुस्तक पुरं झालंय. देवाला जे सांगायचं होतं ते त्यानं येशूत सांगितलं. ज्यांनी त्याला पाहिलं, त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ते लिहून ठेवलं. ते साक्षीदार गेले, आता भर कोण घालणार? हिनं वाचून विश्वास ठेवला. तिची गीतं म्हणजे देवाला दिलेलं उत्तर. ते त्याच्या निरोपात कसं शिवायचं?"

भर घालू नये अशी शेवटच्या भागात ताकीद आहे, तीही त्यांनी दाखवली. ती खरं तर त्या एका भागापुरती, पण आम्ही साऱ्या ग्रंथाला लावतो, हेही प्रामाणिकपणे सांगितलं.

मला ते आजही अर्धंच पटतं. देव सगळं सांगून मोकळा होतो, हे आमच्या घरात पचणं अवघड. वडिलांनी टाके उसवले. मास्तर तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून रडत होते. ते मात्र मला पुरतं कळलं.

"मंग हे म्हननार कोन?" आईनं विचारलं. मास्तर सुटे झालेले कागद जुळवू लागले.

"मले शिकवा."

एक गीत ती शिकली, पोळ्या लाटता लाटता. बाकीची काही तिला जमली नाहीत.

काही वर्षांनी मास्तर गेले. आमच्यातल्या बायका स्मशानात जात नाहीत, पण आई कब्रस्तानात गेली. पाळकांनी हिंदीत प्रार्थना केली, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली आणि लोक निघाले. तेव्हा आईनं पदर सारखा केला आणि बाईंचं ते गीत सुरू केलं. निघालेले लोक थांबले. त्यांच्यातल्या कुणालाच ते येत नव्हतं, म्हणून ती शेवटपर्यंत एकटीच म्हणत राहिली.