लिंपलेली ढोली

गारा थांबल्यावर कुसुमचा हात धरून तिला क्वार्टरमागच्या जंगलात घेऊन गेलो, तेच आमचं शेवटचं. तिला दम लागत होता, तरी बायको ऐकेना, ढोली पाहायचीच म्हणे. मोहाची मोठी फांदी मोडून पडली होती, फुलं चिखलात. पण खोडातली ढोली शाबूत. मातीनं लिंपलेली, मधे बोटभर फट, आत धनेशाची मादी. नर मात्र दिसेना. गारांनी मेलेले दोन पोपट पायाशी पडले होते. ते पाहून ती आणखीच घाबरली.

"त्यालाही लागल्या असतील का हो?"

"अंधार पडून राह्यला, चल आता."

"मग सकाळी तुम्ही एकटे येऊन पाहा. अन् मला सांगा."

घरी येऊन चहा केला. कप तिच्यापुढे ठेवला, तिनं उचललाच नाही... खुर्चीतच गेली.

महिना झाला. मी चौथी शिकलेला, लिहिणं माझं काम नाही. पण त्या ढोलीच्या बाबतीत एकदा माझी चूक झाली होती, म्हणून लिहून राह्यलो.

एकाहत्तरची लढाई संपली, तरी रांझीला आमच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात ओव्हरटाइम सुरूच होता. लग्न नवं. फागुनात असंच वादळ झालं. सकाळी पाळी सुटल्यावर जंगलातून येत होतो, तर मोहाच्या खोडावर चिखल थापलेला अन् फटीतून चोच बाहेर. मला वाटलं, वादळात माती बसली, पाखरू अडकलं. दगडावर चढलो, खिशातल्या छिन्नीनं माती फोडून टाकली. आत मादी, पंखांची पिसं झडलेली. उडेच ना. घरी येऊन मोठ्या फुशारकीनं सांगितलं. कुसुमचे वडील बालाघाटकडे जंगल राखणारे नाकेदार होते. ती तव्यावरची पोळी सोडून उठली.

"काहून फोडलं? तोफेचे गोळे बनवता, अक्कल काय गेटवर जमा करून जाता?"

"अगं, कोंडली होती ती..."

"स्वतःच कोंडून घेते, अंडी उबवायला! नर फटीतून खाऊ घालतो. आता तो बिचकला तर उपाशी मरते ती. कावळे तर टपलेलेच."

दोन दिवस काठी घेऊन ती झाडाखाली बसली, कावळे हाकलत. एका पाखरासाठी इतकं काहून, म्हणून मी चिडलो. माझ्याकडे न पाहता बोलली, "ब्लॅकआउटमध्ये तुम्ही सोळा-सोळा तास येत नव्हते. खिडक्यांना काळे कागद, आतून कडी लावून मी एकटी. भोंगा वाजला की वाटायचं, आता कोणी तुमचं काहीबाही सांगायला येते... तेव्हा माझ्या भल्यासाठी म्हणून कोणी दार फोडलं असतं तर?"

तोवर मी समजत होतो, बाई घरी आरामात आहे.

तिसऱ्या दिवशी ढोली पुन्हा अर्धी बुजलेली. नर चोचीत उंबर घेऊन आला. कुसुम तिथंच रडली. तेव्हापासून दरसाल वादळ झालं की ती ढोली पाहून यायची. पाखरं बदलली असतील, तिचा घोर तोच.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं, ग्वारीघाटच्या स्मशानात न्यायची तयारी चाललेली. मी चपला घातल्या अन् मागच्या दारानं निघालो. मोहाखाली बराच वेळ काहीच नाही. मग तो आला. शेपटी तुटकी, चोचीत उंबर. फटीतून आतली चोच निघाली.

घरी येताच मुलगा ओरडला, "बाबा, अशा वेळी कुठं गेले होते?"

तिच्याजवळ बसलो, कानाशी वाकलो अन् सांगितलं, "आला."