न फोडलेली बांगडी

अणुभट्टीतला जहाल कचरा काचेत वितळवून त्याचे ठोकळे करून ठेवतात. ती काच हजारो वर्षं ओल सोसेल का, हे शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. इतकी वर्षं थांबून बघायला कोण बसलंय? म्हणून आम्ही जुनी काच हुडकतो, चिखलात पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिलेली. पाणी तिला हळूहळू खातं, तसे तिच्यावर कांद्यासारखे पातळ पापुद्रे धरतात. उत्तर त्या पापुद्र्यांत असतं. मला आजवर मिळाली ती सगळी परदेशातली काच, थंड मातीतली. आपल्या खाडीतला एक तुकडा मिळावा म्हणून मी जीव टाकत होते, आणि निवृत्तीला दोन महिने उरले होते.

तो मिळाला नवघरच्या बाजारात, आमच्या नेहमीच्या कोळिणीच्या पाटीत. बोंबलांशेजारी फडक्यावर एक अख्खी बांगडी, काळपट, अंगावर मोरपिशी झाक. मी बघताक्षणी ओळखलं, शेकडो वर्षांची असणार. नवऱ्याच्या जाळ्यात आली म्हणाली. त्यांच्यात लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात, धन्याला सांभाळ म्हणून. तिचाही उजवा हात रिकामाच. ही कुणा जुन्या बाईने दिलेली, तेव्हा दर्याची दर्याला परत जायला हवी.

मी अक्षरशः हात जोडले.

“दोन दिस ने, बाय. शुक्कारी बोट लागंल, त्याच्या आदी दे. पन फोरू नको. माजा मालक दर्यान हाय.”

“नाही फोडणार. शब्द देते.”

घरी आल्यावर बांगडी ओट्यावर वाटीत ठेवली आणि आंघोळीला गेले. आईला काही सांगितलं नाही. आमच्या घरात बाहेरून आलेली जुनी वस्तू घासल्याशिवाय आत येत नाही, हे मला जन्मापासून ठाऊक, तरी नाही सांगितलं. बाहेर आले तेव्हा आई चिंच लावून काथ्याने ती खसाखसा घासत होती.

“किती घाण बसली होती गं! बघ, आत कशी हिरवीगार निघाली.”

ऐंशी वर्षांच्या बाईवर मी ओरडले. मग मोरीत बसून रडले. पापुद्रे पाण्याबरोबर गेले होते.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत भिंगाखाली पाहिलं. बांगडीची दोन टोकं जिथे जोडली होती तिथे, सांध्याच्या आत, थोडे पापुद्रे वाचले होते. ते मोजायचे तर बांगडी कापायला हवी. करवत समोर होती. माझा नवरा रोज साडेसहाला बँकेतून घरी येतो, तिचा दर्यावर. फुटकी बांगडी घेऊन मी तिच्यापुढे कुठल्या तोंडाने उभी राहणार होते? मी करवतीचं बटण दाबलं नाही. इतका राग मला स्वतःच्या चांगुलपणाचा कधी आला नव्हता.

गुरुवारी बांगडी तिच्या हातात दिली. तिने उलटसुलट करून पाहिली.

“ही ती न्हाय.”

“तीच आहे गं. आईने घासली.”

“ती काली व्हती. ही दुकानातली हाय. फोरलीस ना तू ती?”

मी आईची शपथ घेतली, चिंचेचं सांगितलं. तिचे डोळे भरून आले होते, ऐकत कुठे होती. पुरावा होता, पण सांध्याच्या आत. दाखवायचा तर तिच्यासमोर बांगडी फोडावी लागली असती.

“दर्याला त्याचीच पायजे,” म्हणाली आणि बांगडी माझ्या पिशवीत टाकून तिने पाटी उचलली.

आज सोमवार. शुक्रवारची बोट अजून लागलेली नाही. सकाळी बाजारात गेले तर तिची जागा रिकामी. तिथून खाडीवर गेले, बांगडी पाण्यात टाकायला. हात उचलला आणि खाली घेतला. माझ्या हातून दिलेली ती तिच्या नवऱ्यासाठी थोडीच मोजली जाणार होती? घरी आणून परत त्याच वाटीत ठेवली आहे, अख्खी.