चौथ्या भिंतीचा खर्च

तिसरी घंटा झाली असं समजा. पडदा वर जातो. समोर बँकेचा कर्जविभाग. वर पंखा, वारा कमी आणि बडबड जास्त. मधोमध एक टेबल आणि त्यावर पसरलेला भलाथोरला आराखडा. कागदाची पुन्हा गुंडाळी होऊ नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर शिक्का, पाण्याचा पेला, टाचण्यांची डबी आणि बाईंचा जेवणाचा डबा. पलीकडे कर्जाच्या बाई, चष्मा कपाळावर चढवलेला. अलीकडे दोन म्हातारी माणसं, आपापले सगळ्यांत बरे कपडे घालून.

त्यांतले एक खिळेकाका. हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते आता सांगता यायचं नाही. का ठेवलं ते मात्र सगळ्यांना ठाऊक. पन्नास वर्षं त्यांनी नाटकाचे सेट बांधले. काम करताना ओठांत सहा-सात खिळे धरायचे आणि बोलायचे तेही त्यांच्या फटीतून. पुढे खिळे गेले, पण सवय राहिली. शब्द अजून तोंडाच्या कडेनेच बाहेर पडायचे. राजाचा महाल म्हणा, सावकाराचा दिवाणखाना म्हणा, दुपारी हातात हातोडा घेतला की संध्याकाळच्या प्रयोगाला घर उभं. हजारभर घरं बांधली असतील. स्वतः राहिले ते थिएटरमागच्या सामानखोलीत, रंगवलेले खांब आणि एक पाय मोडलेलं सिंहासन यांच्या शेजारी.

दुसऱ्या कुजबुजबाई. चाळीस वर्षं विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली, त्यामुळे मोठ्याने बोलायचं त्यांच्या गळ्याला माहीतच नव्हतं. सभेत त्या हळूच काहीतरी पुटपुटायच्या, आणि समोर जो उभा असेल तो ते ठणकावून सांगायचा, वर आपलंच मत सांगितल्याच्या थाटात. वृद्धांच्या घरांची अख्खी योजना अशीच पुढे सरकली होती. सगळ्यांना वाटायचं, कल्पना आपली. होती ती कुजबुजबाईंची.

योजना तशी सरळ होती. पडद्यामागे राबलेल्यांपैकी दहा जणांना म्हातारपणी डोक्यावर छप्पर नव्हतं. एका धर्मादाय संस्थेची बंद पडलेल्या लाँड्रीची जागा मोकळी होती. संस्थेने ती साठ वर्षांच्या कराराने, नावापुरत्या भाड्यावर द्यायचं कबूल केलं. तिथे वीस खोल्या बांधायच्या. एक तृतीयांश खर्च महापालिका देणार; तिची अट एवढीच, की वीसपैकी दहा खोल्या नाटकाबाहेरच्या गरजू म्हाताऱ्यांना मिळाव्यात. थोडे पैसे कामगारांच्या कल्याण निधीतून. उरलेलं कर्ज बँकेचं, आणि त्याचा हप्ता खोल्यांच्या भाड्यातून. भाडं कोणाच्याही पेन्शनच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त असायचं नाही, हे वाक्य कुजबुजबाईंनी ठरावात लाल शाईने लिहिलं होतं. महिनाअखेरीपर्यंत बँकेची मंजुरी आली नाही, तर संस्था ती जागा गाड्या लावायला देणार होती.

इतरांचं सोडा, काकांचा जीव एकाच खोलीत अडकला होता. बाहेरच्या दहांच्या यादीत सातवं नाव त्यांच्या ताईचं होतं.

ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं आयुष्य शाळेचे वर्ग झाडण्यात गेलं आणि आता ती लेकीकडे राहत होती. राहत होती म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळात तिची खाट टाकलेली होती. पहाटे जावई कामाला निघायचा तो तिच्या पायांवरून ढांग टाकून. कपडे बदलायचे तर शेजारणीकडे जायचं. लेक वाईट नव्हती, घर लहान होतं. ताईने कधी तक्रार केली नाही. एकदाच, भाऊ भेटायला आला असताना, ती सहज म्हणाली होती, "मेल्या, एवढी घरं बांधलीस. मला एक दार दे रे. आतून कडी लावता येईल असं."

"देतो," काका म्हणाले होते. तेव्हा त्यांच्या तोंडात एकही खिळा नव्हता.

वास्तुविशारदाची फी परवडत नव्हती. म्हणून पहिला आराखडा आणि खर्चाचा अंदाज काकांनीच केला. सही करण्यापूर्वी कोणी जाणकार तपासून देणार होता. एक-एक वीट, एक-एक बिजागरी मोजली. तीन महिने तो कागद सभेच्या खोलीत भिंतीवर टांगलेला होता. प्रकाशयोजनेवाल्याने पाहिला, कपडेपटवालीने पाहिला, दाढ्यामिशा चिकटवणाऱ्याने भिंग लावून पाहिला. सगळे म्हणाले, वा!

कर्जाच्या बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"काका, खोलीत शिरायचं कुठून?"

"हे काय दार." काकांनी बोट ठेवलं.

"हे मागचं. हे बाल्कनीत उघडतंय."

"हो."

"म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी शिडी लावून यायचं?"

"छे हो, इकडून यायचं." काकांनी व्हरांड्याची बाजू दाखवली. "ही बाजू मोकळीच आहे."

"मोकळी म्हणजे?"

"मोकळी म्हणजे... इकडून दिसायला हवं ना सगळं."

"कोणाला?"

'प्रेक्षकांना' हा शब्द काकांच्या ओठांवर येऊन थिजला. वीसच्या वीस खोल्यांना तीनच भिंती होत्या. मागे एक, बाजूला दोन, आणि चौथ्या बाजूला नुसती हवा. पन्नास वर्षं घर म्हणजे त्यांना असंच दिसत आलं होतं. ज्यांनी ज्यांनी तो कागद पाहून वा म्हटलं, त्या सगळ्यांनाही तसंच दिसत आलं होतं. ताईला कडी द्यायची म्हणून पितळी कडीची किंमतसुद्धा त्यांनी अंदाजात धरली होती. ती लावायला भिंतच काढली नव्हती.

कुजबुजबाईंनी पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा कागदात डोकावल्या. "अगं बाई," त्या पुटपुटल्या. "आणि मी याचा ठराव केला."

कर्जाच्या बाईंना हसू आवरेना, पण डबा उचलून त्यांनी तोंडासमोर धरला; मनाने चांगल्या होत्या. मग कॅल्क्युलेटर ओढला. वीस भिंती, वीस दारं, वीस खिडक्या. खर्च शंभरामागे नऊने वाढला.

"कर्ज वाढवून द्या की," काका म्हणाले.

"देता येईल. मग हप्ता वाढेल, हप्ता वाढला की भाडं वाढेल. तुमचाच ठराव आहे, लाल शाईतला. त्या भाड्यात तुमच्या बाहेरच्या दहांतली शेवटची तीन, सगळ्यांत कमी पेन्शनची माणसं बसत नाहीत."

सातवं नाव शेवटच्या तिघांत येत नव्हतं, हे काकांनी मनातल्या मनात मोजलं आणि मोजल्याची त्यांना लाज वाटली. ते उठून उभे राहिले.

"माणसं काढायची नाहीत," ते म्हणाले. "भिंतीचा खर्च आराखड्यातूनच काढतो. आठवडा द्या."

बाहेर रस्त्यावर आल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "गाढव आहे मी. शुद्ध गाढव."

"एकटेच नाही," कुजबुजबाई म्हणाल्या. "अख्खा कळप आहे आपला."

पुढचे दोन दिवस काका कागद घेऊन बसले. इथे विटा कमी कर, तिथे फरशी हलकी घे. शंभरामागच्या नऊतले दोन सुटले, पुढे घोडं हलेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिल फेकली आणि जे येत होतं ते केलं. नवीन सेट बांधण्याआधी नाटकवाले तालमीच्या जमिनीवर पट्ट्या चिकटवून घर आखतात: इथे दार, इथे जिना, इथे पलंग. नट त्या रेघांच्या घरात महिनाभर वावरतो आणि मग कळतं, टेबल पायात येतंय. काकांनी थिएटरच्या रिकाम्या रंगमंचावर पांढऱ्या पट्टीने दोन खोल्या आखल्या, पुऱ्या मापाच्या. बाल्कनीसकट, व्हरांड्यासकट. आणि या वेळी चार भिंतींच्या.

"उद्या सगळ्यांनी आपापली खुर्ची घेऊन या," त्यांनी निरोप धाडला. "दिवसभर राहायचं आहे. नाटक करायचं नाही, राहायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला वस्ती भरली. कपडेपटवालीने शिवणयंत्र आणलं. दाढीमिशीवाला पेपर घेऊन खाटेवर आडवा झाला आणि खरंच झोपला. ताई आली, तिच्या हातात पिशवी आणि पिशवीत चहाचा कप. पट्टीपाशी थबकली.

"इथून?"

"तिथून नको, ती भिंत आहे. हे दार."

ताई दोन पावलं सरकली आणि पट्टीतल्या फटीतून आत गेली. जमलेल्या नाटकवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शाळा झाडणारी बाई, पण भिंत काय असते ते हिला बरोबर कळत होतं.

काका प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत बसले, वही घेऊन. कोण कुठे जातं, कुठे अडखळतं, टिपत राहिले. अकरा वाजले. बारा वाजले. एक गोष्ट त्यांच्या लक्षात यायला लागली आणि ती त्यांना अजिबात आवडली नाही.

बाल्कनीत कोणी पाऊल टाकत नव्हतं.

बाल्कनी ही काकांची लाडकी. आयुष्यभर त्यांनी ती नायिकांसाठी बांधली होती, लाकडाची, कापडाची, दोन माणसांच्या वजनाने डुगडुगणारी. निदान म्हातारपणी आपल्या माणसांना एक खरी मिळावी म्हणून वीस खोल्यांना वीस बाल्कन्या काढल्या होत्या, नक्षीदार कठड्यांच्या. पण माणसं चहा घेऊन उठत होती ती उलट्या बाजूला. खुर्ची ओढत दारातून व्हरांड्यात. एक आली, तिच्या शेजारी दुसरा, मग शिवणयंत्रही तिकडेच आलं. जेमतेम तीन फुटांच्या व्हरांड्यात गुडघ्याला गुडघे लागले.

"अहो, तंगड्या आवरा!"

"तुमचं मशीन आवरा आधी. हे घर आहे की कारखाना?"

"बाल्कनीत जा की मग."

"तिथे एकट्याने काय कावळे मोजू?"

कुजबुजबाई विंगेत त्यांच्या जुन्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना सगळं दिसत होतं, वाक्यही जिभेवर तयार होतं. काकांनी तिकडे पाहिलं. पण चाळीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी वाक्य पुरवलं नाही. नुसत्या पाहत राहिल्या.

काका उठले. रंगमंचावर चढले. गुडघ्यावर बसून त्यांनी नखाने पट्टीचं टोक उचललं आणि बाल्कनी ओढून काढली, एका दमात, जखमेवरची पट्टी काढावी तशी. तिचा गोळा करून खिशात टाकला.

"वीस बाल्कन्या रद्द," ते म्हणाले. "मागे खिडक्या ठेवू. कठडे गेले, मागची वीस दारं गेली, पुढे काढलेला सगळा स्लॅब गेला. व्हरांडा मात्र पाच फुटांचा करू."

पैशांचं गणित कुजबुजबाईंनी तिथेच मांडलं. व्हरांडा रुंद करूनही भिंतींचा खर्च निघत होता. वर बोटभर शिल्लक.

संध्याकाळी पाचला कर्जाच्या बाई स्वतः आल्या. नवे आकडे त्यांनी उभ्याउभ्याच वाचले, दोनदा वाचले. मग म्हणाल्या, "एक खोली आतून पाहू दे." आणि रंगमंचावर चढून सरळ ताईच्या खोलीकडे निघाल्या. पट्टीपाशी मात्र त्यांचे पाय आपोआप थांबले. काय करावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी हातातल्या फायलीवर टकटक केलं.

"येऊ का?"

"थांबा हं," ताई आतून म्हणाली. ती खुर्चीवरून हळूहळू उठली, दाराच्या जागेपाशी आली, हवेत हात नेला आणि नसलेली कडी नीट, दोन्ही हातांनी काढली. "या."

बाई आत गेल्या. प्रेक्षागृहात बसलेल्या काकांना एकाएकी नाक शिंकरायची गरज भासली.

मंजुरीचं पत्र महिना संपायला तीन दिवस असताना आलं. जाणकार वास्तुविशारदाने सुधारलेला आराखडा तपासला. भिंती त्याने खोलीगणिक चारदा मोजल्या, त्याला गोष्ट कळली होती. पुढे बांधकामाला दीड वर्ष लागलं. त्यात सिमेंट महागलं, मुकादम पळाला, पाण्याच्या जोडणीसाठी कुजबुजबाईंना महापालिकेत अकरा खेपा घालाव्या लागल्या. दाढीमिशीवाला ते पाहायला राहिला नाही. त्याच्या खोलीत आता बाहेरच्यांच्या यादीत दहांनंतर थांबलेला अकरावा माणूस राहतो, एक जुना बस वाहक. व्हरांड्यातून जाताना अजून म्हणतो, पुढे सरका, पुढे सरका.

किल्ल्या मिळाल्या त्या दुपारी ताईच्या दाराला पितळी कडी काकांनी स्वतः बसवली. चार खिळे ओठांत धरून. बसवून झाल्यावर ते बाहेर व्हरांड्यात आले. आतून दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला, मग उघडल्याचा, मग पुन्हा सरकल्याचा. असं चार-पाच वेळा झालं. मग आत खाट करकरली.

काकांनी टकटक केलं.

"कोण आहे?" आतून ताईने मालकिणीच्या आवाजात विचारलं.

काकांनी ओठांतला उरलेला खिळा हातात काढून घेतला.

"मीच गं. असू दे, सावकाश उघड. मी थांबलोय."