बोपचे सरांनी वगळलेलं गाव

इंद्रकुमार बोपचे सरांनी निवृत्तीचा सत्कार घेतला नाही. शाल आणली होती, मानपत्र छापलं होतं, प्राचार्यांनी तर भाषण पाठ करून ठेवलं होतं. सरांनी फोनवर "माफ करा" एवढंच सांगितलं आणि गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या आपल्या घराचं फाटक लावून घेतलं. तेव्हापासून कॉलेजात जो तो अंदाज बांधतोय. कुणी म्हणतं तब्येत, कुणी म्हणतं माज. माज म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. सर लाजेनं घरात बसलेत. मला हे ठाऊक आहे, कारण जे झालं ते झालं तेव्हा मी त्यांच्या शेजारीच ताट घेऊन उभा होतो.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो. आकड्यांशी माझं कधी जमलं नाही, पण बोपचे सरांशी जमलं. स्टाफरूमच्या एकाच खिडकीपाशी आमच्या खुर्च्या होत्या. सर सडक अर्जुनीकडचे, धानाची शेती असलेल्या घरातले. पोरगा बँकेत चिकटेल असं घरच्यांना वाटत होतं. त्याऐवजी उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तासिका तत्त्वावर काढली, मग कायम झाले. आधी वित्त शिकवलं, मग सांख्यिकी, आणि पुढे व्यवसाय संशोधन. वित्ताचे प्राध्यापक म्हटल्यावर लग्नाच्या पंगतीतही लोक विचारायचे, "सर, कोनता शेअर घेऊ?" सर वरण वाढून घेत म्हणायचे, "मला समजलं असतं तर मी तासांवर राबलो असतो का?"

वर्गात मात्र हा माणूस वेगळाच. गोंदियात राइस मिल गल्लोगल्ली, म्हणून सर वर्गात परखी घेऊन जायचे. परखी म्हणजे पोत्यात खुपसून दाणे बाहेर काढायची लोखंडी नळी. सोबत धानाचं एक पोतं, वर टपोरे दाणे आणि तळाशी निव्वळ फोल. पोरं तोंडाशीच परखी मारायची आणि माल चांगला म्हणून मोकळी व्हायची. मग सर पोतं जमिनीवर उलटं करायचे. "तोंडाशी परखी मारणारा व्यापारी स्वतः बुडतो. तोंडाशी मारणारा संशोधक दुसऱ्याला बुडवतो," असं ते सांगायचे. झाडणारा शिपाई केवलराम दरवर्षी शिव्या घालायचा.

त्यांच्या स्वतःच्या पीएच.डी.ची गोष्ट त्यांच्या पत्नी रीतावहिनी सांगायच्या, तीही कपाळाला हात लावून. ज्याला प्रश्नावल्या भरून आणायला गावोगाव पाठवलं होतं, त्यानं त्या महामार्गावरच्या ढाब्यावर बसून स्वतःच भरल्या. दुसऱ्या कुणी त्यावर डोळे मिटून पदवी घेतली असती. सरांनी त्या सगळ्या चुलीत घातल्या, स्कूटर काढली आणि पहिल्या गावापासून पुन्हा सुरुवात केली. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. मला त्यांचं कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही यायचा.

आमच्या कॉलेजच्या वाणिज्य शाखेत एक खूळ आहे. संशोधनाच्या सुरुवातीला जो अंदाज मांडतात, त्याला गृहीतक म्हणतात. तो अंदाज शेवटी खराच ठरला पाहिजे, असा सगळ्यांचा हट्ट. खोटा ठरला तर "गृहीतक पडलं" म्हणतात, जसा काही पोरगा बारावीत पडला. सर यावर भडकायचे. "पडलं म्हणजे काय? काहीतरी नवीन कळलं ना?" विद्यार्थी मान डोलवायचे आणि हमखास पास करून देणाऱ्या मार्गदर्शकाकडे निघून जायचे. एक गेला, दुसरा गेला. शेवटी सरांकडे एकटी प्राची उईके उरली.

प्राची नागझिऱ्याच्या जंगलाकडेच्या कोसमटोल्याची. त्या टोल्यातून, म्हणजे पाड्यातून, कॉलेजात शिकवायला जाणारी ती पहिलीच ठरणार होती. बचत गटाच्या प्रशिक्षणामुळे बायांची कमाई वाढते, हे तिचं गृहीतक. पाच गावं निवडली, त्यात कोसमटोलाही. चार गावांनी कमाई वाढल्याचा होकार दिला. कोसमटोल्याच्या बाया मात्र हसत हसत सांगत होत्या, "पापडाचं शिकवलन जी. आमी पापड केलो. बाजार दूर, मंग घरीच खाल्लो." शिलाईचं प्रशिक्षण तर ऐन तेंदूपानाच्या हंगामात आलं. बाया हजेरीची सही करून पानं तोडायला जंगलात गेल्या. या एका गावानं सगळा तोल फिरवला. फरक पडतो असं छातीठोकपणे म्हणता येईना. गृहीतक पडलं.

एरवी सरांनी पेढे वाटले असते. पण निवृत्ती तोंडावर आली होती. त्याआधी प्रबंध गेला नाही, तर प्राचीला नवा मार्गदर्शक शोधून जवळपास पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. एका कॉलेजात जागा निघाली होती, तीही हातची गेली असती. पडलेलं गृहीतक घेऊन गेलं तर परीक्षक काय म्हणतील याचा नेम नाही. हे झालं प्राचीचं. पण सरांचंही काहीतरी होतं. एका बैठकीत कुणीतरी टोमणा मारला होता, "बोपचेजी, जनम भर रिसर्च पढाए, एक तो डॉक्टर बना दो." सर तेव्हा हसले होते. तो टोमणा त्यांच्या मनात रुतून बसला होता, हे मला उशिरा समजलं.

त्या दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही तिघंच होतो. सर लॅपटॉपकडे बघत म्हणाले, "प्राची, कोसमटोला काढून टाक."

प्राचीला आधी कळलंच नाही. "काढून म्हणजे?"

"चारच गावं ठेव. पाचव्याचा उल्लेखच नको. ते गाव बाकीच्यांत बसत नाही."

"सर, ते माझं गाव आहे."

"म्हणूनच," सर म्हणाले. "स्वतःचं गाव घेतलं की पूर्वग्रह येतो. शास्त्रानं पाहिलं तरी ते नकोच."

मला शास्त्र कळत नाही, माणसाचा आवाज कळतो. खरं बोलताना सर समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे. त्या दिवशी ते लॅपटॉपच्या झाकणावरची धूळ पुसत होते. प्राची "बरं सर" म्हणाली. ज्यांनी तिला प्रश्न विचारायला शिकवलं, त्यांना उलटा प्रश्न विचारायची तिची हिंमत झाली नाही. आणि हातात आलेली नोकरी सोडायचीही नाही. मी तिला दोष देत नाही.

मौखिक परीक्षा आमच्याच कॉलेजच्या सभागृहात झाली. ही परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. प्रत्यक्षात कुणी येत नाही. परीक्षक, मार्गदर्शक आणि जेवणाच्या आशेनं आलेले आम्ही. या वेळी मात्र दारात एक काळी-पिवळी जीप थांबली आणि तिच्यातून कोसमटोल्याच्या बाया उतरल्या. ठेवणीतली लुगडी, केसांना तेल, पुढे प्राचीची काकी धनवंता. आपल्याला विचारून विचारून पोरीनं पुस्तक लिहिलं, ते आज साहेब लोक वाचणार, म्हणून सगळ्या कामं टाकून आल्या होत्या. त्यांना बघून प्राचीचा चेहरा उतरला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

बाहेरून आलेले परीक्षक भलतेच खूश झाले. चारही गावं एका सुरात बोलतात, असा स्वच्छ निष्कर्ष क्वचित बघायला मिळतो, असं म्हणाले. "याचं श्रेय बोपचे सरांच्या शिस्तीला," हेही वर जोडलं. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतल्या बायांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. सर मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, केवढा हा विनय!

मग जेवण. पदवी घेणाऱ्यानं परीक्षकांना आणि प्राध्यापकांना जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत. पुरी, भाजी, बुंदी. धनवंताकाकींनी ताट घेतलंच नाही. टेबलावरचा सोनेरी अक्षरांचा प्रबंध उचलून त्या एकेक पान उलटत बसल्या होत्या. मग तो दोन्ही हातांनी धरून सरळ आमच्यापाशी आल्या.

"सर, आमचं गाव कोनत्या पानावर हाय जी? मी सातवी शिकली हाव, पन मले काई सापडून नाई राहिलं."

प्राची धावत आली. "काकी, चल ना. जेवण थंडं होऊन राहिलं."

"थांब वो. बायाइले दाखवतो. त्या इचारून राहिल्या."

सरांना सहज सुटता आलं असतं. मागे आहे, परिशिष्टात आहे, काहीही चाललं असतं. काकींनी मान्य केलं असतं. मलाही वाटलं, बोला सर, एवढं एक खोटं बोला आणि या बाईला आनंदानं घरी जाऊ द्या.

"नाही आहे, काकी," सर म्हणाले. "तुमचं गाव मी काढलं. प्राचीनं नाही. मी काढायला लावलं."

"काऊन जी?"

नमुना कसा निवडावा यावर तास तास बोलणारा हा माणूस. एवढंच म्हणाले, "तुमची उत्तरं बाकीच्यांशी जुळत नव्हती."

काकी रागावतील, असं मला वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी प्रबंध हळूच टेबलावर ठेवला, पदर डोक्यावर सारखा केला आणि ओशाळून मागे वळून बायांकडे पाहिलं. मग आवाज उतरवून, आपलं गाऱ्हाणं दुसऱ्या कुणी ऐकू नये तशा म्हणाल्या, "आमचंच चुकलं असन जी. पोरगी इचारत होती तवा आमी हासत होतो. पापड घरी खाल्लो म्हनून सांगतलो. तसं नोयतं सांगाचं, आमाले कुठं मालूम?"

"काकी, तुमचं काही..." सर सांगायला लागले.

"तुमी पोरीवर रागवू नोका. अजून एक डाव येजा गावाले," काकी म्हणाल्या. "आता इचारा. आमी तुमाले पायजे तसंच सांगू, सर."

प्राची भिंतीकडे तोंड करून रडत होती. पलीकडे परीक्षकांना कुणीतरी आग्रहानं बुंदी वाढत होतं. सरांनी ताट खाली ठेवलं आणि हात जोडले. निघायची वेळ झाली असं समजून काकींनीही हात जोडले, आणि बायांना घेऊन त्या न जेवताच काळी-पिवळीकडे निघाल्या.