पाचवी कडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला तर नाहीच. तीन वर्षं झाली. कधी सांगायला तोंड उघडलंच तर भलतंच बोलत सुटतो, ट्रेलर कसा जोडतात, वजन कसं वाटलं जातं... बघा, आताही तेच करणार आहे. पण त्याशिवाय मी काय केलं ते नीट कळायचं नाही.

जड ट्रेलर जोडला की गाडीची मागची बाजू दबते आणि पुढची उचलली जाते. पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, स्टीअरिंग हलकं लागतं. तसं होऊ नये म्हणून काही हिचना, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायच्या सांध्यांना, दोन जाड लोखंडी बार असतात, प्रत्येकाच्या टोकाला साखळी. ती ताणून ट्रेलरच्या दांड्यावरच्या हुकात अडकवायची — कितव्या कडीत, ते मोजूनमापून. मग भार पुढच्या चाकांपर्यंत पोचतो. इथे नेदरलँड्समध्ये असला हिच क्वचितच दिसतो. ऑफिसमधल्या एका डच मित्राने तो आपल्या दणकट अमेरिकन गाडीसाठी मागवला होता, आणि गाडी, हिच, ट्रेलर सगळंच मला एका दिवसापुरतं दिलं होतं. मास्ट्रिख्टहून एक जुनी, बंद पडलेली गाडी मला डीमनला, आमच्या घरी, आणायची होती. हौस, दुसरं काय?

तेव्हा सासरे आमच्याकडे आले होते. आण्णा. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म गेलेला माणूस. शेजाऱ्यांच्या सायकलींच्या चेन घट्ट करून झाल्यावर त्यांना इथे काही कामच उरलं नव्हतं. हिचचं माहितीपुस्तक हाती दिलं आणि त्यांची कळी खुलली. इंग्रजी अडलं तिथे माझ्या बायकोला, मेधाला विचारलं, पण आकृत्या अशा वाचल्या, जशी आपण पत्रिका वाचतो.

मास्ट्रिख्टला मी विकणाऱ्याबरोबर कागदपत्रांत अडकलो होतो. आण्णा टेप घेऊन पुढच्या चाकावरची उंची मोजत होते — ट्रेलर जोडायच्या आधी, जोडल्यावर, बार लावल्यावर. वंगणाने काळे झालेले हात पुसत आले आणि म्हणाले, "पाचवी कडी, समीरराव. दोन्हीकडे." मी मान हलवली. म्हणजे ऐकलं होतं. स्वच्छ ऐकलं होतं.

परतीच्या वाटेवर, डेन बॉशच्या अलीकडे पेट्रोलपंपावर आण्णा टॉयलेटला गेले आणि मी गाडी नको तिथे घुसवली. आता अवघड वळणात मागे घ्यावी लागणार. अशा वेळी बार काढ, असं मित्राने बजावलं होतं. मी काढले. मागे घेतली. परत लावायचे तर ट्रेलरचं तोंड जॅकने उचला, साखळ्या ताणा... दहा मिनिटं. मागे तीन गाड्या खोळंबलेल्या, एकाने हॉर्न दिला. मी बार डिकीत घोंगडीखाली टाकले आणि पुढे येऊन स्टीअरिंगवर बसलो. तेवढ्यात आण्णा कॉफीचे दोन कप घेऊन आले. त्यांनी विचारलं, बार ठीक आहेत ना? मी म्हणालो, बघितलंय सगळं. जावयाने बघितलंय म्हटल्यावर ते पुन्हा कसे बघणार? ते गाडीत बसले.

वीस मिनिटांनी एक ट्रक बाजूने गेला. आधी ट्रेलर किंचित हलला, मग आमची गाडीच हलायला लागली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे — आणि माझ्या हातातलं स्टीअरिंग कशालाच जोडलेलं नसावं तसं फिरत होतं. आण्णांनी एक हात माझ्या छातीवर आडवा धरला. लहान मुलाला धरतात तसा. ट्रेलर कठड्यावर घासत गेला आणि आम्ही थांबलो. कुणालाही काही झालं नाही. हे वाक्य मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

आण्णा उतरून मागे गेले. रिकामे हुक बघत बराच वेळ उभे राहिले. डिकी उघडली, घोंगडी बाजूला केली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मी बार लावले होते ना हो?"

माझे हात जाकिटाच्या खिशात होते. काळे झाले होते ना.

"नाही आण्णा," मी म्हणालो. "राहिले असतील."

त्यांनी आपले हात पाहिले. पंपावर धुतले होते, तरी नखांत वंगण होतंच. त्यांना ते दिसलं — मला दिसलं की त्यांना दिसलं. तरीही त्यांनी स्वतःच्या नखांवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. त्या घरात जावयाच्या शब्दाला कुणी कधी उलट प्रश्न केलेला नाही. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

घरी त्यांनीच मेधाला सांगितलं, माझ्या हातून चूक झाली, पोरी, आठवतच नाही. ती बाथरूममध्ये जाऊन रडली. ते नाशिकला परतले तेव्हा माझ्या मेव्हण्याने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. तरी स्कूटरची किल्ली काढून घेतली गेली. मग गॅसला हात लावायचा नाही असं ठरलं. मग एकट्याने बाहेर जायचं नाही. आता त्यांच्या खिशात एक वही असते. जेवलो, गोळी घेतली, दार लावलं — सगळं लिहितात, आणि तरीही सुनेला विचारतात. तीन वर्षांपूर्वी ते काही विसरत नव्हते. आता विसरतात की नुसते घाबरतात, कोण सांगणार?

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मेधा चहा टाकायला उठली तेव्हा आण्णा फोनजवळ सरकले. हळूच म्हणाले, "समीरराव, त्या दिवशी तुम्ही स्पष्ट बोललात म्हणून वेळीच कळलं. दुसऱ्या कुणी मला बरं वाटावं म्हणून लपवलं असतं."

मी म्हणालो, काळजी घ्या.

बार मी काढले होते. त्यांनी ते लावले होते, पाचव्या कडीत, दोन्हीकडे. बरोबर लावले होते.