नाममात्र तरतूद

वहिनीचा फोन आला तेव्हा मी धानाच्या बांधीत वाकून पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, उपटत होते. रोवणीचे दिवस, हात चिखलानं भरलेले, म्हणून शेताच्या धुऱ्यावर बसलेल्या जाऊबाईंनी फोन उचलला. त्यांनी तो माझ्या कानाशी धरला. दादा सकाळी कामावर निघायचा म्हणून अंगणात बूट घालायला बसला, तो उठलाच नाही... दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. निवृत्ती तोंडावर आली होती. मी पाण्यात तशीच उभी राहिले. मनात पहिला विचार दादाचा आला आणि त्याच्या पाठोपाठ तलावाचा. दुसरा विचार का आला, ते मला तेव्हा कळलं नाही.

दादा माझा थोरला भाऊ. जुने मालगुजारी तलाव, ज्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो, त्यांची देखभाल करणाऱ्या सरकारी कार्यालयात तो अभियंता होता. आसगावच्या अलीकडे, पवनी तालुक्यात, माझं सासर. गावच्या वर तलाव, मधे पाणी अडवणारी मातीची पाळ आणि पाळीखाली आमची घरं, आमच्या बांध्या. त्यामुळे दादा यायचा तो भाऊ म्हणूनही आणि साहेब म्हणूनही. नोकरीला लागला तेव्हा कार्यालयात जीप होती, तलावावर चौकीदार होता, पाळीला माती घालणारी मजुरांची टोळी होती. मग एकेक माणूस निवृत्त होत गेला आणि त्याची जागा भरलीच नाही. जीप कार्यालयाच्या मागं गवतात गंजली. शेवटी उरला दादा आणि त्याची मोटारसायकल.

दर वर्षी अर्थसंकल्पाच्या दिवशी तो टीव्हीसमोरून हलत नसे. एकदा त्या सुमारास मी भंडाऱ्याला त्याच्याकडेच राहायला होते. बातम्यांत मोठमोठ्या योजना ऐकून झाल्या, पुढं आठवडाभरानं तो कार्यालयातून आला आणि म्हणाला, आपल्या तलावाला यंदाही नाममात्र तरतूद. म्हणजे काय, मी विचारलं.

"नाव ठेवलं, बाई. पुसलं नाही, एवढंच. त्यात मातीची एक पाटी नाही येत."

त्याच वर्षी दूरच्या एका मोठ्या जलाशयावर पर्यटकांच्या बोटींसाठी धक्का मंजूर झाला. त्याची आखणीही दादालाच करावी लागली, कारण दुसरं कुणी नव्हतं. इकडे आमच्या पाळीच्या पायथ्याशी मुरूम खोदणं सुरू झालं होतं. ट्रक पाळीवरूनच जात. दादानं खनिजाच्या कार्यालयाला कळवलं, तर तिथून उत्तर आलं की पथकाच्या गाडीला डिझेल नाही. तो स्वतः ट्रकांसमोर जाऊन उभा राहिला. त्या दिवसापुरते ट्रक थांबले... नंतर ते तो नसताना येऊ लागले. पाळीला खालून मोठमोठे खड्डे पडले, गावात मात्र कुणाला त्याचं काही वाटेना. तलाव होता तसाच होता, पाणी होतं.

मग ते श्रावणाचे दिवस आले. तलाव काठोकाठ भरलेला. दादा सकाळीच आला आणि पाळीच्या पायथ्याशी बसून राहिला. जेवायला बोलावलं तर घरी आला, पण ताटावर बसला नाही. यजमानांना म्हणाला, "जवाईबापू, तलाव खाली करा लागते."

"रोवणी होऊन राहिली, अन् तुमी पाणी सोडून राहिले?"

"पाळ गेली तं पाणीबी जाईन, अन् गावबी."

दादानं दिवसभर वरिष्ठांना फोन लावले. आदेश कुणी देईना, नाहीही म्हणेना. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर सांडवा, म्हणजे जादा पाण्याची वाट, फोडायला लावला. अख्खं गाव काठावर उभं होतं. पाणी नाल्यानं वैनगंगेकडं निघालं. एका म्हातारीनं वाहत्या पाण्यात हात बुडवला आणि पदराला पुसला. कुणी शिवी दिली नाही, कुणी दादाकडं पाहिलंही नाही... मला शिव्या परवडल्या असत्या.

त्यानंतर पाऊस दडी मारून बसला. शेवटच्या बांध्यांतलं धान वाळलं, त्यात आमचंही होतं. पाळ मात्र जागच्या जागी होती, आणि तेच दादाच्या विरोधात गेलं. चौकशी लागली, वेतनवाढ थांबली. गावानं सांडवा पुन्हा बुजवला, होता त्याहून उंच केला. यजमान दादाला कधी वाकडं बोलले नाहीत, पण तो आला की ते शेतावर निघून जात. पुढं पुढं राखीलाही तो घरी येईना. मी बसथांब्यावर जाऊन राखी बांधायची.

तिथंच एका वर्षी मी त्याला विचारलं, "दादा, तुले खरंच वाटत होतं का, पाळ फुटते म्हणून?"

"खरं सांगू? मलेबी पक्कं माहीत नोव्हतं. पन माहीत होयेपर्यंत थांबलो असतो, तं सांगाले कोन उरलं असतं?"

पाळीची दुरुस्ती त्याच्या हयातीत झाली नाही. प्रस्ताव मात्र तो दर वर्षी पाठवत राहिला.

दादाचं महिन्याचं श्राद्ध झाल्यावर मी वहिनीकडे गेले. दादाचा कार्यभार आधीच दोन तालुके सांभाळणाऱ्या एका साहेबांकडं दिल्याचं तिथंच कळलं. दुपारी आम्ही दोघी बोलत होतो, तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि पाऊस कोसळायला लागला. वहिनी बोलता बोलता उठली. तिनं चहा टाकला, थर्मासमध्ये गाळला, झाकण घट्ट बसवलं आणि थर्मास दाराजवळच्या स्टुलावर ठेवला. मग तिथंच उभी राहिली. मोठा पाऊस आला की दादा तलावांकडं निघायचा आणि ती हे असं करून द्यायची, इतकी वर्षं.

मी गावी फोन लावला. पाळीवर कुणीतरी जाऊन या, हे कसं सांगावं ते सुचत नव्हतं. पण यजमानांनीच विचारलं, तिकडेही पाऊस आहे का. मग म्हणाले, "मी पाळीवर जाऊन राहिलो."

फोनमध्ये छत्रीवर पडणाऱ्या पावसाचा आवाज येत होता.

"तेथं गेल्यावर पाहाचं काय, थे सांग," ते म्हणाले. "तुया दादा काय पाहे?"

मी वहिनीकडं पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली. तो पाळीवर जाऊन काय पाहायचा, ते आम्हा दोघींपैकी कुणीच त्याला कधी विचारलं नव्हतं.