सुभेदारांची वही

सैन्यात वायरलेस सांभाळून निवृत्त झालेले एक सुभेदार साताऱ्यात एकटेच राहायचे. दर रविवारी मी माझा जुना लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जायचो. त्यावर मी हौसेनं विंडोज काढून लिनक्स ही प्रणाली घातली होती, पण टचपॅडवर बाण उड्या मारायचा आणि पडदा थरथरायचा.

टचपॅडला हात लावण्याआधी ते रुमालानं बोट पुसायचे. "आदी बोट कोरडं कर गड्या, मग यंत्राला नावं ठेव." लॅपटॉपच्या सेटिंगच्या फाइलीतला प्रत्येक बदल ते वहीत लिहायचे. एका वेळी एकच बदल, मग चहा. दोन कप आधीच मांडलेले असायचे.

तीन रविवारांत सगळं दुरुस्त झालं. पण पडदा आणखी स्थिर दिसावा म्हणून तो सेकंदाला किती वेळा ताजा होतो, तो आकडा मी घरी बदलला आणि खिडक्या, चित्रं सगळं गेलं. नुसती अक्षरं तेवढी उमटत.

मी लॅपटॉप पुन्हा नेला, तेव्हा सुभेदारांनी फाइल उघडून शेजारी वही ठेवली.

"वहीत साठ हाय, हितं पंच्याहत्तर. तू हात लावला न्हाईस न्हवं?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी साठ केले. पडदा उजळला, पण ते चष्मा पुसत राहिले. "मग फाइल मिटताना माजाच हात चुकला. नजर गेली गड्या. आता दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा न्हाई."

त्यानंतर दुरुस्तीला रेडिओ घेऊन येणाऱ्यांनाही ते दारातूनच परत पाठवू लागले. पुढच्या रविवारी मी खरं सांगायला गेलो. टेबलावर त्यांच्यापुरता एकच कप होता. तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला आणि मी तो पिऊन, खरं न सांगताच परत आलो.